अंगकोर वाट, आई आणि पांढरे मोजे

मुळात आमचं अष्टविनायकाचं ठरत होतं. आई ७१ ची, गुडघे बोलायला लागलेत, म्हटलं आत्ताच करून घेऊ. तर तिच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी कंबोडियाचं पिल्लू सोडलं, "अगं तिथे विष्णूचं एवढं मोठं देऊळ आहे म्हणे की आख्खा शिवाजी पार्क आत मावेल." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, मी ऑफिसात, समोर साहेब बसलेले, आईचा फोन. "माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस गं?"

(शिवाजी पार्कचा हिशोब मी नंतर केला. अंगकोर वाटचा, म्हणजे त्या देवळाचा, परिसर साधारण ४०० एकर आहे, म्हणजे शिवाजी पार्क एकदा नाही, चौदा वेळा मावेल. काकूंनी कमीच सांगितलं होतं.)

एकटीदुकटीने न्यायची हिंमत नव्हती म्हणून ग्रुप टूर. दादरच्या एका टूरवाल्याकडे पैसे भरले, नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करणार आहे. २८ माणसं, त्यातली १९ तरी साठीच्या पुढची, बाकी आमच्यासारखी त्यांना सांभाळायला आलेली मुलंसुना. निघायच्या आधी एक झूम मीटिंग झाली. त्यात टूर मॅनेजर, पंचविशीतला मुलगा, बिचारा फार गोड होता, त्याने सगळं नीट समजावलं, ई-व्हिसाची प्रिंट दोन कॉपी, ई-अरायव्हलचा फॉर्म ऑनलाईन भरायचा तो आम्ही भरून देऊ, खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत नाहीतर वर सोडत नाहीत, डॉलर कोरे आणा, जरा फाटकी कड असली तरी तिथे घेत नाहीत. दादरच्या मावशींनी विचारलं नऊवारी चालेल का. तो म्हणाला आजी, धावेल. मग आईने माईक चालू केला, "चपला कुठे ठेवायच्या? स्टँड आहे का, की नंबर देतात?"

"आजी, तिथे चपला घालूनच फिरायचं असतं."

आई काहीच बोलली नाही. मीटिंग संपल्यावर म्हणाली, "काहीतरी बडबडतोय तो मुलगा. देऊळ आहे ना?"

तर हा सगळा प्रकार मी त्या चपलांपासूनच सांगणार आहे, कारण मला ती ट्रिप तशीच आठवते.

मुंबईहून सिएम रीपला, म्हणजे अंगकोर वाटच्या जवळच्या गावाला, आम्ही बँकॉकमार्गे गेलो. रात्रीचं विमान, पहाटे बँकॉक, तिथे चार तास बसणं, आणि मग तासाभराचं छोटं विमान. विमानात पाय गार पडतात म्हणून आईने स्टेशनबाहेरून पांढऱ्या सुती मोज्यांचे तीन जोड घेतले होते, शंभर रुपयांत. हे मोजे लक्षात ठेवा. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालाय, गावापासून चाळीसेक किलोमीटर लांब, त्यामुळे उतरल्यावर परत तासभर बस. दोन्ही बाजूंना शेतं, ताडाची झाडं, पाण्यातल्या म्हशी, उंच खांबांवरची लाकडी घरं. आणि माती लाल. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "हे आपल्या देवरुखाकडचंच वाटतंय गं," म्हणाली आणि झोपली.

देवळांच्या तिकिटाची गंमत अशी की तिथे तुमचा जागच्या जागी फोटो काढतात आणि तो तिकिटावर छापतात. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, आणि तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कधीही वापरता येतं, सलग जायलाच हवं असं नाही. आमचं तीन दिवसांचं होतं. आईच्या फोटोत डोळे मिटलेले. "परत काढा" म्हणेपर्यंत कार्ड छापून हातात. मग तीन दिवस प्रत्येक देवळाच्या दारात तो रखवालदार तिकीट बघायचा, आईकडे बघायचा, आणि आई त्याला ओळख पटावी म्हणून डोळे मिटून दाखवायची.

आमचा गाईड तिथलाच, पन्नाशीचा, इंग्रजी छान पण चाल वेगळी, त्यामुळे पहिला दिवस निम्मं कळलंच नाही. तो आईला सारखा "येय, येय" म्हणायचा. आई वैतागली, "हा मला सारखा ये ये काय म्हणतोय, येतेच आहे ना मी." मग कळलं तिथल्या ख्मेर भाषेत येय म्हणजे आजी.

पहिल्या दिवशी दुपारी अंगकोर थोम. हे म्हणजे एक देऊळ नाही, सातवा जयवर्मन नावाच्या राजाने १२व्या शतकाच्या शेवटी वसवलेलं आख्खं शहर, प्रत्येक बाजू तीन किलोमीटरची असा तटबंदीचा चौकोन, बाहेर खंदक. दक्षिणेच्या दरवाजाकडे जाणाऱ्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग धरून बसलेत. मधोमध बायोन, ते दगडी चेहऱ्यांचं देऊळ. प्रत्येक शिखराला चारी बाजूंनी चेहरे, दोनशेच्या आसपास असतील, सगळे डोळे मिटून अर्धवट हसणारे. ठाण्याचे काका म्हणाले, "ह्यांचंपण तिकिटावर छापताना डोळे मिटले वाटतं." आख्खा ग्रुप हसला, आई सोडून.

कारण आई तोवर चपला काढून, कापडी पिशवीत घालून, ती पिशवी काखेत मारून अनवाणी उभी होती. जानेवारी असला तरी दुपारचे अडीच, दगड तापलेले, मधेच खडी, मधेच लाकडी जिने. मी म्हटलं आई पाय भाजतील. टूर मॅनेजर म्हणाला आजी, इथे सगळे बूट घालूनच आहेत बघा. आई म्हणाली, "सगळ्यांचं सगळ्यांपाशी." गाईडला मी समजावलं की आमच्याकडे देवळात पायताण चालत नाही. तो म्हणाला आमच्याकडेही नाही चालत, बुद्धाची पूजा चालू असते तिथे आम्ही काढतोच, पण हे पडकं आहे, इथे पाय सांभाळायचा. पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी आईनेच पर्समधून पांढरे मोजे काढले आणि घातले. झालं. चपला पण नाहीत आणि अनवाणी पण नाही.

बायोनला सगळे वर त्या चेहऱ्यांसोबत फोटो काढायला गेले पण खरी मजा खाली बाहेरच्या ओवरीत आहे. ओवरीच म्हणते, गॅलरी म्हटलं की आमच्या चाळीची आठवण येते. तिथे भिंतीवर लढाया आहेतच, हत्ती आहेत, होड्यांमधलं युद्ध आहे, पण खालच्या पट्ट्यात साधी माणसं. बाजार भरलाय, बायका मासे विकतायत, कोंबड्यांची झुंज लावून पुरुष पैजा मारतायत, कुणी स्वयंपाक करतंय, कुणी बाई बाळंत होतेय. आठशे वर्षांपूर्वीचं. तिथल्या एका मासेवालीच्या तोंडावरचा भाव बघून मला आमच्या मार्केटातली कोळीणच आठवली, "घ्यायचा तर घे नाहीतर पुढे हो" असा. राजाच्या देवळात हे कोरायला कुणी सांगितलं असेल? मी तिथे वीस मिनिटं काढली आणि बस चुकवता चुकवता वाचले.

ता प्रोमला झाडं बघितली. ती सगळ्यांनी फोटोत बघितलेलीच असतात, भिंतीवर बसलेली, मुळं अजगरासारखी खाली सोडलेली. याच जयवर्मनने आईच्या नावाने ११८६ मध्ये बांधलंय हे, आणि तिथल्या शिलालेखात लिहिलंय की इथे ६१५ नर्तिका होत्या. आता त्या नर्तिकांच्या दालनाचं काम आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय, बोर्डावर तिरंगा दिसला की ग्रुपमध्ये एकदम देशभक्ती. बाहेर पडायच्या वाटेवर भूसुरुंगात हातपाय गेलेल्या माणसांचा वाद्यवृंद बसला होता. आम्ही भारतीय दिसल्यावर त्यांनी जुनं हिंदी गाणं धरलं. ग्रुप एकदम गप्प झाला आणि मग प्रत्येकाने काहीतरी टाकलं. ठाण्याच्या काकांकडे ती पाच डॉलरची नोट होती जिची कड जराशी फाटली होती, नारळपाणीवाल्याने नाकारलेली, ती टाकायला ते पुढे झाले आणि परत आले आणि दुसरी कोरी काढली. मला काका त्या क्षणी आवडले.

बसमध्ये परत येताना गाईडने सांगितलं की त्याला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. १९७५ ते ७९ ख्मेर रूजचं, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांचं क्रूर राज्य, तो तेव्हा लहान, वडील गेले ते आलेच नाहीत, कागदपत्रं काहीच राहिली नाहीत, नंतर आईने भाताच्या कापणीवरून अंदाजाने तारीख लावली. एवढं बोलून तो लगेच उद्याची वेळ सांगायला लागला, पहाटे साडेचार, लॉबीत.

साडेचार म्हणजे आपले तीन, तिथलं घड्याळ दीड तास पुढे. काळोखात २८ माणसं, त्यातल्या निम्म्यांनी मफलर गुंडाळलेले (जानेवारी, पण थंडी कसली, आमच्या मुलुंडइतकीच), हातात पॅक्ड ब्रेकफास्टचे खोके आणि मोबाईलचे टॉर्च. अंगकोर वाट पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य देवळाच्या पाठीमागून उगवतो आणि सगळी दुनिया समोरच्या तळ्याकाठी उभी राहते. आणि उभी म्हणजे काय, विरार लोकल. साडेपाच वाजता पहिली रांग भरलेली, मागून मोबाईल धरलेले हात. साडेसहाच्या सुमारास मागचं आकाश आधी जांभळं, मग केशरी, आणि शिखरांची काळी आकृती, आणि तीच खाली पाण्यात. मी खोटं बोलणार नाही, गर्दी असली तरी अंगावर काटा आला. आईने हात जोडले. बाजूची एक परदेशी मुलगी आईचाच फोटो काढत होती.

आता तक्रार. कार्यक्रमात लिहिलेलं "सूर्योदय व अंगकोर वाट दर्शन" आणि प्रत्यक्षात दिले दोन तास, कारण साडेनऊला एका रेशमाच्या दुकानात न्यायचं होतं. दोन तासांत अंगकोर वाट म्हणजे दुपारच्या डब्यात लग्नाचं जेवण. दुसऱ्या सूर्यवर्मनने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधायला घेतलेलं देऊळ, भोवती पाच किलोमीटर घेराचा खंदक, आणि आम्हाला दोन तास. आम्ही पाचसहा जणांनी आवाज चढवला. मॅनेजर मुलगा रडकुंडीला आला, त्याने कुणाला तरी फोन केला आणि शेवटी रेशीम रद्द झालं. दादरच्या मावशी तेवढ्या नाराज.

आत शिरताना पश्चिमेच्या गोपुरात उजवीकडे एक विष्णू उभा आहे, आठ हातांचा, माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच, अंगावर भगवं कापड, पुढ्यात उदबत्त्या, फळं, फुलं. म्हणजे बाकी सगळं देऊळ कधीचंच बौद्ध झालं, पण हा अजून पुजतात. गावातले लोक त्याला 'ता रीच' म्हणतात. आईला पहिल्यांदाच हक्काचा देव सापडला. तिने पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली, मी तिचा हात धरला, आई दगडाला लावू नकोस. मग तिने शेजारच्या बाईकडून एक डॉलर देऊन उदबत्त्या आणि कमळाच्या कळ्या घेतल्या. त्या बाईने त्या कळीच्या पाकळ्या दुमडून कसं फूल करायचं ते आईला दाखवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, दहा मिनिटं बोलत होत्या.

पुढे खरी भानगड झाली. मुख्य देवळाच्या बाहेरच्या ओवरीत चारी बाजूंनी भिंतभर शिल्पं आहेत, गाईड आम्हाला घेऊन उजवीकडे वळला, आणि आई जागेवर उभी. "उजवीकडे नाही. देव आपल्या उजव्या हाताला हवा." प्रदक्षिणा! गाईड हसला. म्हणाला येय बरोबर बोलतायत, ही शिल्पं उलट्या दिशेनेच वाचायची आहेत, देव डाव्या हाताला ठेवून, आणि देऊळही पश्चिमेला तोंड करून, म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की हे राजाच्या अंत्यविधीशी जोडलेलं असावं. हे मी आईला भाषांतर करून सांगितलं आणि चूक केली. "म्हणजे स्मशानातली अपसव्य फेरी? मी नाही हं घालत. तुम्ही जा."

आता काय करणार. ग्रुप उजवीकडून गेला, मी आणि आई डावीकडून. आख्खी ओवरी म्हणजे पाऊण किलोमीटरच्या वर फेरी, आई मोज्यांवर, मी पिशवी सांभाळत. आणि सांगते, नशीबच ते. कारण सगळे ग्रुप उजवीकडून, आमच्या बाजूला चिटपाखरू नाही. डावीकडे पहिलीच लंकेची लढाई. काय गर्दी आहे त्या भिंतीत, वानर राक्षसांना चावतायत, ओरबाडतायत, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन चढलेत, कुठे मोकळी जागा म्हणून नाही. हनुमानाच्या खांद्यावर राम, मागे लक्ष्मण आणि बिभीषण, पलीकडे दहा तोंडांचा वीस हातांचा रावण रथात. गाईड नव्हता, पण आईला गाईड लागलाच नाही. ती बोटाने दाखवत गेली, हा नील असणार, हा अंगद. चुकली असेल, मला काय माहीत. उत्तरेच्या ओवरीतलं काम जरा कच्चं आहे, ते म्हणे नंतर १६व्या शतकात केलेलं, पण तिथे बाणासुराची लढाई आहे आणि शेवटी कृष्ण शंकरापुढे गुडघे टेकून बसलाय आणि शेजारी गणपती! उषा आणि अनिरुद्धाची गोष्ट आईने मला तिथे उभ्या उभ्या सांगितली. लहानपणी सांगितली असेलही, मी विसरले होते. तेवढ्यात तिचा गुडघा दुखला, मग उंबऱ्यावर बसून आम्ही खोक्यातला ब्रेकफास्ट खाल्ला, केळं आणि कोरडा पाव, वर माझ्याकडची शेंगदाण्याची चटणी.

पूर्वेच्या बाजूला वळलो आणि पुढे समुद्रमंथन. ४९ मीटर लांब एकच शिल्प, रस्सीखेच चाललीय जणू, मधे कासवावर मंदार, विष्णू, एका बाजूला ८८ देव, दुसऱ्या बाजूला ९२ असुर. आम्ही आलो त्या टोकाला वासुकीची शेपटी, आणि ती धरलीय एका वानराने. आपल्याकडे समुद्रमंथनात वानर कुठून आला, आई विचारत बसली. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून आवाज, आमचाच ग्रुप, ठाण्याचे काका सगळ्यात पुढे. म्हणजे आम्ही देवांच्या बाजूने आलो आणि ते असुरांच्या! बरोबर मधे विष्णूपाशी भेट झाली. आईला इतका आनंद झालेला मी नातवाच्या बारशानंतर बघितला नव्हता. काका म्हणाले "वहिनी, आम्ही जहर पिऊन आलो, अमृत तुमच्याकडे दिसतंय," कारण ते दक्षिणेच्या ओवरीतून आले होते आणि तिथे ३२ नरक आहेत. ते आम्ही नंतर बघितले. यम रेड्यावर, खाली चित्रगुप्त निवाडा करतोय, पापी लोकांना नाकात वेसण घालून ओढत नेतायत. खालच्या पट्ट्यात नरक, वरच्या पट्ट्यात ३७ स्वर्ग. आणि काय असतं ना, नरकातली माणसं एकेक वेगळी, स्वर्गातली सगळी एकसारखी महालात बसलेली. शिल्पकारालाही कंटाळा आला असेल.

शेवटी कुरुक्षेत्र, भीष्म शरपंजरी. आईने तिथेही हात जोडले, फेरी पूर्ण केली, आणि सरळ खाली बसली.

वरच्या तिसऱ्या टप्प्यावर, त्याला बाकान म्हणतात, आई आली नाही. मूळ दगडी पायऱ्या इतक्या उभ्या की शिडीच म्हणा, त्यावर आता लाकडी जिना टाकलाय, तोही उभाच, आणि एका वेळी ठराविक माणसंच सोडतात म्हणून रांग. आमच्यातल्या पुण्याच्या मुलीला बिनबाह्यांच्या ड्रेसवर ओढणी घेतली तरी सोडलं नाही, बाहीचाच कपडा हवा. झूमवर हे स्पष्ट सांगायला हवं होतं. मी गेले. मधलं शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच, मूळचा विष्णू आता तिथे नाही, चारी बाजूंना बुद्ध आहेत. वरून पश्चिमेकडे बघितलं की आपण आलो तो सरळ दगडी रस्ता, गोपुर, खंदक, आणि पलीकडे नुसतं जंगल. खाली बघितलं तर अंगणात एक ठिपका पांढरे मोजे झटकत बसलेला.

संध्याकाळी अमोक खाल्लं. मासा, नारळाचं दूध, केळीचं पान, वाफवलेलं. आई मासे खाते, देवळाच्या दिवशी नाही खाणार असं वाटलं होतं, पण तिने विचार केला आणि म्हणाली "फेरी सकाळी झाली." चव बरी, तिखट नाही. आपली कोकम-तिरफळाची सर नाही.

तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेई. गावापासून लांब, तासभर लागतो. बसमध्ये गाईडने वार शिकवले आणि मला वाटतं आख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात भारी अर्धा तास. त्यांचा रविवार आदित्यवरून, सोमवार चंद्रावरून, बुधवार बुधच, गुरुवार बृहस्पती, शुक्रवार शुक्र. आणि मंगळवार? त्यांच्या उच्चारात काहीतरी 'अंग्किअ' असं येतं, मूळ शब्द अंगारक. आख्खी बस एका सुरात ओरडली, "अंगारकी!" गाईड दचकला. मग त्याला २८ माणसांनी एकदम अंगारकी चतुर्थी समजावली, टिटवाळा, सिद्धिविनायकाची रांग, उपास, साबुदाणा. त्याला काय कळलं देव जाणे. आणि स्रेई म्हणजे स्त्री, अंगकोर म्हणजे नगर. हे एकदा कळलं की मग पाट्यांवरचं सगळं ओळखीचं वाटायला लागतं.

बांतेय स्रेई लहानसं आहे, एकदम बुटकं. ९६७ मधलं, म्हणजे अंगकोर वाटच्या दीडशेक वर्षं आधीचं, आणि राजाने नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधलेलं शंकराचं देऊळ. दगड गुलाबी, आणि कोरीव काम लाकडात करावं तसं. १९२३ मध्ये एक फ्रेंच माणूस इथली शिल्पं कापून पळवत होता, पकडला गेला, पुढे तो मोठा लेखक आणि त्यांच्या देशाचा मंत्री झाला म्हणे. असतं एकेकाचं. एका दारावर रावण कैलास हलवतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, खाली जनावरं पळतायत. मला आपलं घारापुरी आठवलं, तिथेही हाच प्रसंग आहे, फोडतोड झालेला. शाळेच्या सहलीत लाँचने गेले होते तेव्हा माकडांनी डबा पळवला, एवढंच डोक्यात. दुसऱ्या एका ठिकाणी खांडववन जळतंय आणि इंद्र वरून पाऊस पाडतोय, पाऊस म्हणजे दगडात सरळ तिरक्या रेघा, आणि खाली कृष्ण-अर्जुनाच्या बाणांचं छप्पर. त्या रेघा बघून हिंदमाताचा जुलै आठवला.

आई यातलं काहीच बघत नव्हती. ती बाहेरच्या कुंपणाच्या भिंतीपाशी उभी राहून भिंतीला हात लावत होती. मला हाक मारली. "हा चिरा आहे." म्हटलं काय? "अगं चिरा. जांभा. बघ ना भोकं." आणि खरंच, लालतपकिरी, भोकाभोकांचा, आमच्या देवरुखच्या घराच्या भिंतीसारखा जांभा दगड. गाईड म्हणाला येस, लॅटेराइट, इकडे सगळीकडे पाया आणि कुंपण याचंच, वरचं नक्षीचं काम वाळूच्या दगडाचं, कारण जांभ्यावर बारीक कोरता येत नाही. आईला ते सांगायची गरजच नव्हती. तिच्या वडिलांची चिरेखाण होती. खाणीतून काढला की ओला असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, मग उन्हात हवेवर कडक होतो, हे ती मराठीत त्या गाईडला सांगत होती, हाताने तासून दाखवत होती, आणि तो मान हलवत होता, कारण त्याच्या गावातही तसंच काढतात. दुभाषी म्हणून माझं काम शून्य. नंतर त्याने आईला दगडातली गोल भोकं दाखवली, त्यात खुंट्या घालून दगड उचलायचे, आणि चुना वगैरे काही नाही, दगडावर दगड नुसता घासून बसवलेला. आणि खरी कमान त्यांनी बांधली नाही, दगड एकेक इंच पुढे सरकवत वर जोडायचे, म्हणून ओवऱ्या सगळ्या अरुंद. आई म्हणाली, "आमच्या विहिरीचा कोनाडा असाच आहे."

बस सुटायला दहा मिनिटं असताना टूर मॅनेजर शोधत आला तेव्हा हे दोघं भिंतीखाली उकिडवे बसलेले होते.

परतीच्या दिवशी ठाण्याच्या काकांनी ती फाटकी पाच डॉलरची नोट शेवटचा प्रयत्न म्हणून विमानतळावर कॉफीवाल्याला दिली. नाही घेतली. आता ती त्यांच्या कपाटात आहे, ग्रुपवर दर महिन्याला तिचा फोटो येतो, "आज पुन्हा प्रयत्न केला, बँकेने नाकारली."

मोज्यांचं सांगायचं राहिलं. तिन्ही जोड लाल झाले होते, विटकरी म्हणा. घरी आल्यावर आईने साबणात भिजवले, मग सोडा घातला, मग मला न सांगता माझं महागाचं लिक्विड वापरलं. रंग थोडा उतरला, गेला नाही. मी म्हटलं टाकून दे ना आई, शंभर रुपयांत तीन आले होते. ती म्हणाली जांभ्याचा डाग आहे तो, जात नसतो, आमच्या आईच्या लुगड्यांचे काठ कधी पांढरे बघितलेस का तू? बाल्कनीत दोरीवर अजून आहेत. पुढच्या अंगारकीला टिटवाळ्याला जायचंय, रांगेत पाय भाजतात, तेव्हा लागतील म्हणाली.